करवंटीतले आईबाबा



मागच्या सत्रात वर्गात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध होता. बहुतेकांनी कुत्रा किंवा मांजर लिहिले, दोघांनी किवी लिहिला. आमच्या धाकट्याने 'मासा' लिहिला आणि वर्गात थोडी हसाहशी झाली. "मासा काय, अंडी घालतो आणि निघून जातो. त्याला स्वतःची पिल्लेसुद्धा ओळखू येत नाहीत," असे कुणीतरी म्हणाले. स्वारी घरी येऊन गाल फुगवून बसली. बाईंना हे कळले तेव्हा त्या आम्हाला म्हणाल्या, "तुमच्या घरी मासे आहेत ना? मग तुम्हीच दोन पाने लिहून द्या." म्हणून हा लेख.

पहिल्यांदा हे मान्य करू की त्या मुलाचे म्हणणे पुष्कळ माशांच्या बाबतीत खरे आहे. पण सगळ्याच माशांच्या बाबतीत नाही. आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत एक जोडपे राहते. ते अंडी राखते, पिल्लांना फिरायला नेते, चुकलेल्या पिल्लाला तोंडात धरून परत आणते. त्यांच्या कुळाचे नाव आहे सिक्लिड.

सिक्लिड म्हणजे कोण?

सिक्लिड हे माशांचे एक प्रचंड मोठे कूळ आहे. त्यात १७०० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. बहुतेक आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत आहेत. या कुळाची खूण म्हणजे मुलांची काळजी. जवळजवळ प्रत्येक जातीत आई, बाबा किंवा दोघेही अंडी आणि पिल्ले सांभाळतात.

पालकहो, यातल्या दोघांना तर तुम्ही ओळखता. उजनी धरणाच्या बाजूला गेलात तर 'चिलापी' मिळते. चिलापी म्हणजे तिलापिया, हा आफ्रिकेतला सिक्लिड. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी थेट तोंडात ठेवते आणि ती फुटेपर्यंत काही खात नाही.

दुसरा मासा आपला स्वतःचा आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात खाडीत 'काळुंदर' मिळते. अंगावर मोत्यासारखे ठिपके, बाजूने गडद पट्टे. केरळात हाच मासा 'करिमीन', आणि २०१० साली केरळने त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. काळुंदरचे शास्त्रीय नाव 'एट्रोप्लस सुरतेन्सिस', म्हणजे 'सुरतेचा'. तीच सुरत, जी इतिहासाच्या धड्यात शिवाजी महाराजांबरोबर येते! ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली हे नाव दिले. काळुंदरचे जोडपे पाण्यातल्या दगडाला किंवा लाकडाला अंडी चिकटवते आणि पंख्यासारखे पर हलवून त्यांना ताजे पाणी घालत राहते. आमची आजी मालवणची. तिने आयुष्यभर काळुंदर तळली, पण ती अशी आईपण करते हे तिलाही ठाऊक नव्हते.

आमच्या घरचे जोडपे

काळुंदर वीतभर आणि त्याहूनही मोठी होते, म्हणून ती घरातल्या लहान टाकीत ठेवता येत नाही. त्यासाठी आहेत बुटके सिक्लिड, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या जाती. आमच्याकडचा मासा आहे क्रिबेन्सिस. आम्ही घरात त्याला 'क्रिब' म्हणतो. तो मूळचा दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनाऱ्याकडच्या नद्यांतला. कॅमेरूनमधल्या क्रिबी या गावावरून बाजारात हे नाव पडले. शास्त्रीय नाव 'पेल्विकाक्रोमिस पल्चर'. पल्चर म्हणजे लॅटिनमध्ये सुंदर.

नर लांबट, पर टोकदार. मादी छोटी आणि गोलसर, आणि लग्नसराई आली की तिचे पोट पिकलेल्या जांभळासारखे होते. इतर बऱ्याच पक्ष्यामाशांत नर नटतो, इथे मादी नटते आणि नरापुढे जाऊन पोट दाखवत थरथरते.

आणखी दोन बुटके सिक्लिड दुकानांत दिसतात. एक 'रॅम', ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला निळ्या चमकीचा मासा. तो सपाट दगडावर अंडी घालतो, पण नाजूक असतो आणि त्याला २७ अंशांच्या वर ऊब लागते. दुसरा 'ॲपिस्टोग्रामा', ॲमेझॉनकडचा. त्याची मादी पिल्ले सांभाळताना पिवळीधमक होते आणि नवऱ्यालाही जवळ येऊ देत नाही. पहिल्यांदा मासे पाळणाऱ्यांनी क्रिबपासून सुरुवात करावी. तो चुका थोड्या सहन करतो. आमच्या मात्र त्यानेही सहन केल्या नाहीत.

आधी पाणी, मग मासे

आम्ही दोघेही इंजिनियर. त्यामुळे आकडेमोड आधी केली. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. मुलांनो, गुणाकार करा: ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलो! त्यात काच आणि वाळू धरली की पुस्तकांच्या हलक्या कपाटावर टाकी ठेवणे बरे नाही हे कळते. हिवाळ्यात आपल्या घरात रात्री १५ अंश असतात आणि क्रिबला २५ लागतात. १०० वॉटच्या हीटरला ५४ लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि हवेत निसटणारी उष्णता धरली तर त्याहूनही जास्त.

आकडे सगळे बरोबर आले. तिसऱ्या दिवशी आम्ही सहा मासे आणून सोडले. दहाव्या दिवसापर्यंत चार मेले. पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत होते! धाकटा रडला, मोठीने दोन दिवस टाकीकडे पाहिले नाही. चूक आमची होती, आणि ती बहुतेक सगळे नवखे करतात, म्हणून नीट सांगतो.

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया म्हणजे विष. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात, पण नव्या टाकीत ते नसतात. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

घरी दही लावताना आपण काय करतो? विरजण घालतो. इथेही तसेच. ज्यांची टाकी जुनी आणि निरोगी आहे त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. त्याला खायला म्हणून अमोनियाचे थेंब मोजून घालायचे, मासे नाहीत. आठवड्यातून दोनदा तपासणी संचाने पाणी पाहायचे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य झाले, की विरजण लागले. मगच मासे. आम्ही दुसऱ्या वेळी सहा आठवडे नुसती पाण्याची टाकी पाहत बसलो. पाहुण्यांनी विचारले, "मासे कुठे आहेत?" आम्ही सांगायचो, "दही लागतेय."

ऑकलंडचे नळाचे पाणी मऊ आहे, म्हणजे त्यात क्षार कमी. क्रिबला ते मानवते. पण त्यात क्लोरीन असतो, आणि क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो, वर आपले विरजणही मारतो. म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारे औषध घातल्याशिवाय ते टाकीत ओतायचे नाही. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर शनिवारी, मराठी वर्गाहून आल्यावर, आम्ही एक चतुर्थांश पाणी बदलतो. साडेतेरा लिटर, म्हणजे दीड बादली. पाणी बदलण्याआधी हीटरचे बटण मोठ्यांनीच बंद करायचे. हीटरच्या वायरला भिंतीच्या सॉकेटपेक्षा खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटकडे न जाता खाली जमिनीवर पडतो.

करवंटीचे घर

क्रिब उघड्यावर अंडी घालत नाही. त्याला गुहा लागते. दुकानात प्लॅस्टिकच्या गुहा मिळतात, पण आपल्या घरात त्याहून चांगली वस्तू असते आणि ती आपण टाकून देतो: नारळाची करवंटी! मोदकासाठी नारळ खवून झाला की अर्धी करवंटी घ्या. आतले उरलेले खोबरे नीट खरवडून काढा, बाहेरच्या शेंड्या काढा. वीस मिनिटे उकळा, पाणी फेकून द्या, असे तीनदा करा. तेल निघून जायला हवे, नाहीतर पाण्यावर तवंग येतो. मग कडेला चार सेंटिमीटरचे दार कापा. करवतीचे काम बाबांचे किंवा आईचे. करवंटी बारीक वाळूवर पालथी ठेवा, दार मागच्या बाजूला काचेकडे नको, पण अगदी समोरही नको. क्रिब स्वतः तोंडाने वाळू उपसून दार आपल्या मापाचे करून घेतात. आमच्या मादीने दोन दिवस वाळूचे घास भरभरून बाहेर टाकले. आजीने पाहिले असते तर म्हणाली असती, साफसफाई चालली आहे दिवाळीची.

काही लोक टाकीत देशी बदामाची वाळलेली पाने घालतात. त्यांनी पाणी चहासारखे तांबूस होते आणि माशांना नदीतल्यासारखे वाटते. मुंबईत आणि कोकणात हे झाड दर दुसऱ्या अंगणात असते, म्हणून पालकहो, मोह होईल. पण भारतातून येताना ती पाने बॅगेत लपवून आणू नका. वाळलेले पानसुद्धा विमानतळावर जाहीर करावे लागते, नाहीतर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. इथल्या दुकानात मिळतात ती पाने घ्या.

बॅटरीची गोष्ट

एके दिवशी मादी दिसेनाशी झाली. नर करवंटीच्या दाराशी पहाऱ्यावर. आम्ही समजलो. करवंटीच्या आत, छताला, अंडी चिकटवलेली असतात, एका वेळी पन्नासपासून दोनशेच्या वर. मादी उलटी होऊन त्यांच्यावर पर हलवत असते.

आता सांगा, इतके महिने वाट पाहिल्यावर राहवेल का? आम्ही रात्री बॅटरी मारून पाहिले. सकाळी पुन्हा पाहिले. संध्याकाळी करवंटी हळूच कलती करून अंडी मोजायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी बाहेर फिरत होती, आणि करवंटी रिकामी. तिने अंडी खाऊन टाकली होती.

हे वाचून वाईट वाटेल, पण मादी दुष्ट नसते. जागा सुरक्षित नाही असे वाटले की सिक्लिड अंडी खातात. ताकद वाया न घालवता पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतात. नवखी जोडपी पहिली एकदोन खेपेची अंडी तशीही खातात. पण आमची मोठी शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघांनी सारखी बॅटरी मारलीत. तिला वाटले असेल, हे घर काही बरे नाही."

ते बोलणे आम्हाला लागले, आणि फक्त माशांबद्दल नाही. आमच्या घरी धाकट्याने मराठीत एक वाक्य सुरू केले की आम्ही मध्येच पडतो: 'ती मासा' नाही, 'तो मासा'. 'मी गेला' नाही, 'मी गेलो'. वाक्य अर्धेच राहते आणि तो उरलेले इंग्रजीत संपवतो. बॅटरी मारायची आमची सवय जुनीच होती!

आठव्या दिवशी

पुढच्या खेपेला आम्ही टाकीच्या समोरच्या काचेला अर्धा कागद चिकटवला. पाणी तपासायचे, खायला घालायचे, आणि बाजूला व्हायचे. करवंटीला हात लावायचा नाही.

अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. पिल्ले तेव्हा पोहू शकत नाहीत. पोटाला चिकटलेल्या पिवळ्या पिशवीतला साठा खात वळवळत पडून राहतात. सातव्या-आठव्या दिवशी ती पोहायला लागतात. आठव्या दिवशी सकाळी धाकट्याची आरोळी आली. करवंटीच्या दारातून मादी बाहेर येत होती आणि तिच्या पोटाखाली मोहरीच्या दाण्यांसारखा एक ढग हलत होता. साठ तरी होती.

मग जे पाहिले ते पाहण्यासारखे होते. मादी अंगाला एक झटका देते, की सगळी पिल्ले एकदम वाळूवर बसतात आणि दिसेनाशी होतात. धोका गेला की पुन्हा वर. एखादे मागे राहिले तर नर त्याला तोंडात घेतो, आपल्याला वाटते खाल्ले, आणि तो जाऊन घोळक्यात फुर्र्कन सोडतो. संध्याकाळी दिवा बंद होण्याआधी दोघे मिळून सगळ्यांना करवंटीत नेतात. म्हणजे झोपायची वेळ त्यांच्याकडेही आहे बरे का!

पिल्लांचे पहिले जेवण म्हणजे ब्राइन श्रिंपची नुकती निघालेली पोरे. घरी काढता येतात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, त्यात चिमूटभर अंडी, तळातून हवेचे बुडबुडे, ऊब २६ ते २८ अंश. २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. बाटलीच्या एका बाजूला दिवा धरला की सगळे उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने काढून, गोड्या पाण्याने गाळून पिल्लांना दिवसातून तीनदा थोडे थोडे घालायचे. जास्त घातले तर कुजते आणि पुन्हा अमोनिया.

शाळेत विज्ञानाचा प्रकल्प हवा असेल तर हे लक्षात ठेवा. क्रिबचे पिल्लू नर होणार की मादी, यावर पाण्याच्या आंबटपणाचा, म्हणजे पीएचचा, परिणाम होतो. पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर नर जास्त होतात. ॲपिस्टोग्रामात तेच काम तापमान करते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच्या बहुतेक जातींत उबदार पाण्यात नर जास्त निघाले.

इतक्या पिल्लांचे काय करायचे?

हा प्रश्न पिल्ले व्हायच्या आधी विचारायचा असतो. ५४ लिटरमध्ये साठ क्रिब राहू शकत नाहीत. आम्ही आधीच एका दुकानदाराशी बोलून ठेवले होते. तीन महिन्यांनी बरीचशी त्याने घेतली, काही मित्रांकडे गेली.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. अल्बनी व्हिलेजजवळच्या लुकस क्रीकमध्ये, तळ्यात किंवा ओढ्यात मासा सोडायचा नाही. टाकीतले पाणी आणि वनस्पतीही नाही. न्यूझीलंडमध्ये परवानगीशिवाय मासे सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आपल्यातल्या बऱ्याच पालकांना हे विचित्र वाटते, कारण गावाकडे हिवतापाच्या मोहिमेत आरोग्य खात्याचे लोक विहिरीत गप्पी मासे सोडताना आपण पाहिले आहे. तिथे ते समाजकार्य होते. इथे डासांसाठीच १९३० च्या दशकात गॅम्बुसिया हा मासा आणला गेला. तो आता इथल्या लहान माशांचे पर कुरतडतो आणि अवांछित जीव म्हणून जाहीर झाला आहे. चिलापीचेही तेच. भारतात अनेक जलाशयांत ती पसरली आणि तिथल्या मूळ माशांना जागा उरली नाही.

आणि लुकस क्रीकसारख्या ओढ्यांचे स्वतःचे रहिवासी आहेत. इनांगा, पट्टेदार कोकोपू आणि बुली. साधा बुली हा बोटभर मासा आहे. त्याचा नर दगडाला चिकटवलेल्या अंड्यांवर ती फुटेपर्यंत पहारा करतो. म्हणजे इथल्या ओढ्यातही एक चांगला बाबा राहतो. त्याच्या घरात आपण पाहुणे घुसवायचे नाहीत.

शेवटची गोष्ट

पिल्ले बाहेर आली त्या रविवारी आजीचा फोन आला. धाकट्याने फोन टाकीसमोर धरला आणि पंधरा मिनिटे मराठीत सगळे सांगितले. "आजी, ती मासा ना, आपली पिल्लूला तोंडात घेतला, आणि मी घाबरला!" आम्ही दोघे मागे उभे होतो. एकमेकांकडे पाहिले आणि गप्प बसलो. वाक्य पूर्ण झाले. मग दुसरे झाले. आजी म्हणाली, "अरे, हा तर आपल्या काळुंदरचा भाऊ! मग पुढे काय झाले?"

पुढच्या महिन्यात धाकट्याने आपला आपणच 'तो मासा' म्हणायला सुरुवात केली.

तर मुलांनो, ज्यांना टाकी सुरू करायची असेल त्यांनी आईबाबांना घेऊन शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्हाला भेटा. विरजणाचा स्पंज आम्ही देऊ. करवंटी तुमची तुम्ही आणा.

नवे शब्द

कल्ले – माशाचे श्वास घ्यायचे अवयव
पर – माशाचे पोहायचे पंख
करवंटी – नारळाचे कडक कवच
विरजण – दही लावायला दुधात घालतात ते थोडे दही
तवंग – पाण्यावर पसरलेला तेलाचा पातळ थर
खेप – वेळ, पाळी

घरी करून पहा

१. तुमच्या घरातल्या बादलीची लांबी-रुंदी किंवा व्यास मोजून तिच्यात किती लिटर पाणी मावते ते काढा. मग मोजून खरे-खोटे करा.
२. आजी-आजोबांना विचारा: तुमच्या गावच्या नदीत किंवा खाडीत कोणते मासे होते? त्यांची मराठी नावे लिहून आणा. पुढच्या अंकात यादी छापू.